चित्र कोणासाठी?

कलाकृती पूर्ण झाल्यावर तिच्याविषयी लिहावे, हा टीकेचा सर्वसाधारण शिरस्ता आहे. प्रस्तुत लेखात आम्ही तो मोडीत आहोत. ज्या कृतीविषयी येथे लिहावयाचे आहे, ती अद्याप कृती झालेलीच नाही. तो केवळ एक संकल्प आहे. चार पानांचे टिपण आणि सोबत रेखाचित्रांची एक वही, एवढाच त्याचा ऐवज. परंतु एखादे झाड वाकडे वाढल्यावर त्याच्याविषयी हळहळ करण्यापेक्षा रोप असतानाच चार शब्द बोलावेत, हे अधिक उपयोगाचे ठरते. शिवाय ह्या संकल्पात जो प्रश्न दडलेला आहे, तो त्या विद्यार्थिनीपुरता मर्यादित नाही. आमच्या देवस्थानांपर्यंत, आमच्या घरांपर्यंत आणि ह्या मासिकाच्या पानांपर्यंत तो येऊन पोहोचतो.

विद्यार्थिनी बेळगुंदीची आहे. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील हे गाव राकसकोप जलाशयाच्या वाटेवर आहे. मार्कंडेय नदीचे ह्या जलाशयात अडविलेले पाणी बेळगाव शहर पिते. भाताची शिवारे, रताळ्यांचे मळे, पलीकडे महाराष्ट्राच्या हद्दीतील चंदगडचे डोंगर आणि घाट उतरला की कोकण व गोमंतक, असा हा मुलूख. मुलगी एका कलामहाविद्यालयात उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षात शिकते. पुस्तकातील व नियतकालिकांतील चित्रे, ज्यांना आपण कथाचित्रे म्हणतो, तोच तिचा अभ्यासाचा विषय. शिक्षण संपल्यावर आपल्या चित्रव्यवसायाची दिशा कोणती असावी, ह्याचा आराखडा प्रत्येक विद्यार्थ्याने लिहून द्यावयाचा असतो. तिने तो लिहिला, आणि आमच्याकडे अभिप्रायासाठी पाठविला. नाव छापू नये अशी तिची इच्छा आहे. आम्ही ती पाळीत आहोत.

आराखड्याचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात आपली शैली कोणती असावी, ह्याचा ऊहापोह आहे. मारिओ मिरांडांची गजबजलेली रेषा, जपानी चित्रकथांतील मोठ्या डोळ्यांची माणसे, सपाट रंगांची आजची संगणकीय पद्धत आणि आपल्याकडील काव्यांची, म्हणजे देवळांच्या भिंतींवरील तांबड्या-पांढऱ्या चित्रांची, पद्धत; ह्या चार शैलींची तिने तुलना केली आहे. दुसऱ्या भागात मुलांसाठी चित्रपुस्तके काढण्याचा मनोदय आहे. तिसऱ्या भागात कोकण-गोव्यातील मंदिरकलेवरून नक्षी घेऊन शुभेच्छापत्रे, पिशव्या, दैनंदिन्या अशा वस्तू करण्याची योजना आहे. शेवटी एक वाक्य आहे, जे वाचून आम्ही थबकलो. एका वर्षात ह्यांतून काही मिळकत सुरू झाली नाही, तर पुण्यातील एखाद्या जाहिरात-कचेरीत नोकरी धरावी लागेल आणि मग चित्रे सुटीच्या दिवशी काढावी लागतील, असे तिने लिहिले आहे. शेतकरी घरातील मुलीने हे वाक्य लिहावे, ह्यात तक्रारीचा सूर नाही, हिशेब आहे. म्हणून आम्हीही हिशेबानेच बोलणार आहोत.

गुण आधी सांगितले पाहिजेत. वहीतील रेषा हुकमी आहे. रताळी काढणाऱ्या बायकांचे एक पान आहे. त्यांत कमरेतून वाकलेल्या चार पाठी केवळ चार वळणांनी दाखविल्या आहेत आणि त्या चारही पाठींचे वय निरनिराळे आहे. लग्नाच्या पंगतीचे एक पान असेच जिवंत उतरले आहे. त्यातील वाढप्याची घाई त्याच्या पायांच्या अंतरावरून कळते. हे दोन गुण, निरीक्षण आणि निवड, कथाचित्रकाराचे मुख्य भांडवल होत. ते तिच्यापाशी आहे.

दोष आहे तो आराखड्यात. चार पानांपैकी दोन पाने शैलीने व्यापली आहेत. मुलांसाठी पुस्तके काढावयाची म्हटले आहे, पण ती मुले कोणती, किती वर्षांची, घरात कोणती भाषा बोलणारी आणि शाळेत कोणती लिपी गिरविणारी, ह्याविषयी एक ओळ नाही. पुस्तक कोण लिहिणार, कोण छापणार, कोणाच्या हाती पडणार, ह्याचाही उल्लेख नाही. प्रवासाला निघालेल्या माणसाने पोशाखाचा सविस्तर विचार करावा आणि गाव कोणते ते ठरवू नये, तसे हे झाले आहे.

आराखड्याच्या समासात तिने एक आठवण सहज टिपून ठेवली आहे. तिच्या आजीचे माहेर डिचोलीकडचे. घरात सारे मराठी बोलतात. आजी मात्र चित्राच्या वेळी हटकून कोंकणीवर येते. नात चित्र दाखवू लागली की म्हातारी ते दूर धरून पाहते आणि विचारते, ‘हें चित्र तुवें कोणाखातीर काडलां?’ नातीने हे वाक्य गंमत म्हणून लिहिले असावे. आमच्या मते संपूर्ण आराखड्यातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच आहे, आणि ते मजकुरात यावयाचे सोडून समासात पडले आहे.

येथे काही रसिक आक्षेप घेतील. चित्र कोणासाठी हा प्रश्न धंदेवाईक आहे. खरा कलावंत स्वतःसाठीच चित्र काढतो, असे ते म्हणतील. ह्या मतातूनच कथाचित्राला दुय्यम मानण्याची रीत आपल्याकडे रूढ झाली. चौकटीत मढविलेले ते चित्र, आणि पुस्तकात छापलेले ते नुसते सजावटीचे काम, असा हा भेद आहे. परंतु कोल्हापुरात जन्मलेल्या म. वि. धुरंधरांनी (१८६७–१९४४) तो मानला नाही. जलरंगात आणि तैलरंगात नाव मिळविलेल्या ह्या चित्रकाराने एडवर्ड्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याच्या मुंबईवरील १९१२ च्या पुस्तकासाठी चित्रे काढली, पोथ्या-पुराणांतील प्रसंग रंगविले, आणि त्यांत कुठेही हात आखडता घेतला नाही.

आमच्या वाचकांना तर हा भेद मुळीच शोभत नाही. आपल्या घरातील देव्हाऱ्याकडे पाहावे. तेथील लक्ष्मीची किंवा दत्तात्रेयाची तसबीर ही छापील चित्रच आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला आणि ज्या घरांना मूळ तैलचित्र कधी दिसणार नव्हते, त्या घरांत चित्र जाऊन बसले. त्याला हळदीकुंकू लागले, उदबत्तीच्या धुराने त्याचे कोपरे काळवंडले, आणि तीन-तीन पिढ्यांनी त्याच्यासमोर डोळे मिटले. अशा चित्राला दुय्यम म्हणावयाचे, तर मग अव्वल कशाला म्हणावे? ते कोणासाठी काढले होते हे चित्रकाराला ठाऊक होते. तेवढ्याने त्याची कला उणावली नाही.

आता आपल्या परिसरातील कथाचित्रकारांना त्यांची दिशा कशी मिळाली ते पाहू. विद्यार्थिनीने शैलींची तुलना केली आहे, म्हणून आम्ही माणसांची करतो.

गोमंतकातून मुंबईस आलेल्या दीनानाथ दलालांचे (१९१६–१९७१) नाव काढले की लयदार रेषा आणि ठसठशीत रंग डोळ्यांपुढे येतात. पण दलालांच्या वाटचालीतील निर्णायक गोष्ट रेषेची नसून अंकाची आहे. १९४५ मध्ये त्यांनी ‘दीपावली’ सुरू केला. त्यायोगे दरवर्षी ठरावीक काळी, ठरावीक वाचकांसमोर, कथा-कवितांच्या शेजारी आपली चित्रे मांडण्याची जबाबदारी त्यांनी आपणहून गळ्यात घेतली. मुखपृष्ठे, कथाचित्रे, नायिकांच्या चित्रमालिका, व्यंगचित्रे अशा नाना प्रकारांतून त्यांची शैली फिरली. मराठी वाचणारे मध्यमवर्गीय घर मात्र त्यांनी सोडले नाही. शैली बदलत गेली, वाचक कायम राहिला.

त्यांचेच समकालीन रघुवीर मुळगावकर (मृत्यू १९७६) हेही गोमंतकीय. त्यांनी फवाऱ्याच्या साधनाने देवदेवतांच्या अंगकांतीला जी मृदुता आणली, तिचे अनुकरण पुढे दिनदर्शिका छापणाऱ्यांनी अमाप केले. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठेही त्यांनीच रंगविली. एका हाताने विष्णू आणि दुसऱ्या हाताने काळोखातील पिस्तूलधारी! पण दोन्ही चित्रे ज्या घरात जात होती ते घर एकच होते. देव्हाऱ्यात विष्णू आणि उशाखाली रहस्यकथा, अशी त्या काळची अनेक घरे होती. मुळगावकरांना ते घर आतून माहीत होते.

मारिओ मिरांडांचा (१९२६–२०११) उल्लेख आराखड्यात शैलीचा नमुना म्हणून आला आहे. येथेच विद्यार्थिनीची वाट चुकते. लोटलीच्या घरातील भिंतींवर हा मुलगा रेघोट्या ओढी, म्हणून आईने त्याच्या हाती वही दिली, ही कथा प्रसिद्ध आहे. त्यांनी रीतसर कलाशिक्षण घेतले नव्हते. तरुणपणी ते रोजनिशी लिहीत, आणि ती बहुतांशी चित्रांचीच असे: आज कोण भेटले, लग्नात कोण किती नाचले, पाद्रीबुवा कसे डुलकी घेत होते. मारिओंची म्हणून जी गजबजलेली रेषा आपण ओळखतो, ती ह्या रोजच्या हजेरीतून तयार झाली. एका गावातील माणसे इतक्या वेळा काढली की रेषेत गर्दी आपोआप आली. ती गर्दी उचलून आपल्या कागदावर ठेवणे सोपे आहे. पण त्या गर्दीत आपल्या ओळखीचा एकही माणूस नसेल, तर ती नुसती वेलबुट्टी होते. बेळगुंदीच्या मुलीने मारिओंकडून घ्यावयाचे असेल, तर रोजनिशी घ्यावी. आणि रताळ्यांच्या पानावरून आम्हांला असे दिसते की तिने ती नकळत सुरूही केली आहे.

परक्या गावाची उदाहरणे नकोत असे कोणी म्हणेल, तर उदाहरण बेळगावातच आहे. ज्येष्ठ चित्रकार रवी परांजपे ह्यांचा जन्म १९३५ मध्ये बेळगावात झाला. मुंबईची प्रख्यात कलाशाळा त्यांचे पहिले गुरुकुल नव्हे. त्यांच्या हाताला वळण लावले ते बेळगावचे चित्रकार-शिक्षक के. बी. कुलकर्णी ह्यांनी. समोरच्या माणसाकडे पाहून, त्याच्या बसण्याउठण्यातून आकृतीचा तोल पकडण्याची ती शिस्त होती. पुढे परांजपे मुंबईस गेले आणि जाहिरातींच्या क्षेत्रात कथाचित्रकार म्हणून नावारूपास आले. काही काळ पूर्व आफ्रिकेत, नैरोबीस, त्यांनी काम केले. परत आल्यावर वास्तुरचनांची चित्रे, म्हणजे अजून न बांधलेली इमारत उभी राहिल्यावर कशी दिसेल ती दाखविणारी रंगचित्रे, त्यांनी केली. नंतर पुण्यात स्थिरावून ते आपल्या स्वतंत्र चित्रनिर्मितीकडे आणि लेखनाकडे वळले. जून २०२२ मध्ये त्यांचे पुण्यात निधन झाले. आपल्या आत्मकथनाला त्यांनी ‘ब्रश मायलेज’ असे नाव दिले. गाडी किती मैल धावली ते जसे मोजतात, तसे कुंचला किती चालला ते मोजावे, असा त्या नावाचा अर्थ आम्ही घेतो.

ह्या चरित्राचा दाखला आम्ही हेतुपुरस्सर देत आहोत. विद्यार्थिनीला जाहिरात-कचेरीची नोकरी म्हणजे पराभव वाटतो. परांजप्यांच्या आयुष्यात ती पराभव ठरली नाही. मुदतीत काम देणे, दुसऱ्याचा मजकूर समजून घेणे, चित्र छापल्यावर कसे दिसेल ह्याचा अंदाज बांधणे, हे सारे त्यांनी परक्याच्या कामावर घासून घेतले आणि ती तयारी पुढे स्वतःच्या कामी आणली. तेव्हा मिळकतीसाठी वर्षभर वा चार वर्षे नोकरी करावी लागली, तर दिशा हरवली असे मुळीच होत नाही. दिशा हरवते ती त्या काळात रोजनिशी बंद पडली तर.

आणखी एक गोष्ट आजच्या काळाची म्हणून बोलली पाहिजे. आता यंत्राला दोन ओळींची आज्ञा केली की ते कोणत्याही शैलीत चित्र तयार करून देते. जपानी पद्धतीचे म्हणाल तर तसे, जुन्या तैलचित्रासारखे म्हणाल तर तसे. विद्यार्थी ह्यामुळे धास्तावले आहेत, आणि धास्ती निराधार नाही. मुखपृष्ठांची व जाहिरातींची कामे त्यामुळे हातची जाऊ शकतात. परंतु ह्यातून निघणारा धडा स्पष्ट आहे. जी वस्तू क्षणात आणि फुकटात मिळू लागली, तिच्यावर आपल्या आयुष्याची दिशा उभारू नये. शैली ही आता अशी वस्तू झाली आहे. त्या चार बायकांपैकी तिसरीची पाठ दुखते, म्हणून ती गुडघा टेकून रताळी काढते, हे मात्र त्या मळ्यात उभे राहिलेल्या मुलीलाच ठाऊक असते. आराखड्यातील शैलीची दोन पाने, ह्या कारणास्तव, बाजूला ठेवावीत असे आम्हांला वाटते.

आता तिसऱ्या भागाकडे, मंदिरकलेकडे, वळू. आमच्या वाचकांना तो सर्वाधिक आवडेल, आणि आमची टीकाही त्याच्यावरच सर्वाधिक कठोर आहे.

मंदिराच्या आवारात कथाचित्रकार पूर्वीपासून होता. बेळगुंदीहून आंबोली घाट उतरून सावंतवाडी गाठावी आणि तेथून कुडाळजवळील पिंगुळीस जावे. तेथील ठाकर समाजातील चित्रकथी रामायण-महाभारतातील आख्याने चित्रांच्या पोथीतून सांगत आले आहेत. कागदांवर रंगविलेली चित्रे एकामागून एक समोर धरावयाची आणि गात-बोलत कथा पुढे न्यावयाची, असा हा प्रकार. ही कला टिकविणारे परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. चित्रकथ्याला ‘कोणासाठी’ हा प्रश्न कधी पडलाच नाही. श्रोते समोर देवळाच्या अंगणात बसलेले असत, आणि पेंगू लागले तर पुढचे चित्र त्वरेने काढावे लागे.

सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा घ्या. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, मिळून एकशेवीस वाटोळी पाने. एवढ्याशा वर्तुळात राजा कोण, वजीर कोण, मत्स्य कुठला आणि वराह कुठला, हे खेळणाऱ्याला हातातील पाने पसरताक्षणीच कळले पाहिजे. कथाचित्रकलेतील सुबोधतेचा ह्याहून चांगला धडा कोणत्याही वर्गात मिळणार नाही.

तिसरे काव्यांचे. कोकण, गोवा आणि कारवार-कुमठ्याकडील किनाऱ्यावर जुन्या देवळांच्या व घरांच्या भिंतींवर ही चित्रे असत. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यावयाचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करावयाचा. रंग लावून चित्र काढण्याची ही रीत नव्हे. रंग काढून चित्र उघडण्याची आहे. त्यामुळे चूक पुसता येत नाही. पेडण्यातील मोरजीच्या मोरजाई देवस्थानात हे काम पाहावयास मिळते. होन्नावरचे कृष्णानंद कामत (१९३४–२००२) ह्यांनी गावोगाव फिरून ह्या भिंतींच्या नोंदी केल्या आणि छायाचित्रे घेतली. त्यांनी हे केले नसते, तर कित्येक चित्रे होती एवढेही आज सांगता आले नसते. कारण दरम्यान जीर्णोद्धार झाले. काँक्रीटचे मंडप आले, चकचकीत फरश्या भिंतींवर चढल्या, तैलरंग फिरला. श्रद्धेनेच हे सारे झाले, आणि म्हणूनच ते अधिक दुःखाचे आहे.

विद्यार्थिनी ह्या भिंतींवरून काय घेऊ पाहते? नक्षी. कमळ, मोर, कोपऱ्यातील वेल. ती संगणकावर स्वच्छ करून पिशवीवर छापावयाची. दिसावयास वस्तू सुंदर होईल, विकलीही जाईल. परंतु भिंतीवरील मोर हा एका भिंतीवरील, एका खिडकीच्या वरचा, एका प्रसंगाच्या शेजारचा मोर असतो. खरवडताना कारागिराचा हात कुठे थांबला, वळण कुठे जड झाले, हे त्यांत दिसते. तो सुटा करून, गुळगुळीत करून पिशवीवर बसविला की त्याचे गाव जाते. मग तो मोर कोकणचा आहे हे पिशवीवर लिहून सांगावे लागते. जी गोष्ट लिहून सांगावी लागते ती चित्राने सांगितली नाही, असाच त्याचा अर्थ.

तरीही पिशव्या करूच नयेत, असे आम्ही म्हणणार नाही. रिकाम्या पोटी भिंतींच्या नोंदी होत नाहीत, आणि उपदेश करणाऱ्यांच्या घरी चूल पेटलेली असते. आमचे म्हणणे क्रमापुरते आहे. आधी त्या भिंतीसमोर बसावे. तिचे माप घ्यावे, तिचे संपूर्ण चित्र प्रमाणात उतरवावे, पुजाऱ्यांना आणि गावच्या वृद्धांना प्रसंग कोणता ते विचारून बाजूला लिहावे. असे दहा भिंतींचे काम झाले की नक्षी आपोआप हाती येईल, आणि तिला तिचा पत्ता असेल. पिशवी नंतर करावी.

ह्या तिन्ही भागांतून मिळून आम्हांला जी दिशा दिसते ती अशी. बेळगुंदी आणि भोवतालची गावे हा एकच विषय तिने निदान दोन वर्षे धरावा. नांगरणी, रोपलावण, रताळ्यांचा हंगाम, सुगी, पालखी, यात्रा, असे गावाचे वर्ष. रवळनाथ हे दैवत चंदगडात आहे, कोकणात आहे, गोव्यातही आहे. त्याच्या वाटेने घाटावरून खाली उतरता येते, आणि दोन्हीकडची देवळे एका सूत्रात येतात. बेळगावच्या किल्ल्यातील १२०४ ची कमलबस्ती आणि खानापूर तालुक्यातील हलशीचे कदंबकालीन भूवराह नरसिंह मंदिर ही दगडी शिल्पांची दोन मोठी पाठ्यपुस्तके हाकेच्या अंतरावर आहेत. ह्या साऱ्यातून मुलांसाठी एक लहानसे पुस्तक निघू शकेल. त्याचा वाचक ठरलेला असावा: आठ-नऊ वर्षांचे सीमाभागातील मूल, जे घरी मराठी किंवा कोंकणी बोलते, शाळेत कन्नडही वाचते, आणि ज्याच्या हातातील पुस्तकांत त्याचे गाव जवळजवळ कधीच दिसत नाही. त्या मुलाने पान उघडावे आणि ‘ही तर आमची विहीर’ असे म्हणावे. एवढे साधले तर शैली कोणती, हे कोणी विचारणार नाही. आणि विचारलेच, तर सांगावयास ती एव्हाना तयार झालेली असेल.

हा उपदेश करून आम्ही हात झटकून बसलो, तर ती लबाडी होईल. चित्र कोणासाठी हा प्रश्न चित्रकाराला विचारला, तसा चित्रकार कोणाचा हा प्रश्न समाजाला विचारला पाहिजे. चित्रकथ्याला अंगण देवळाने दिले होते, गंजिफ्याला आश्रय सावंतवाडीच्या दरबाराने दिला होता, काव्यांच्या कारागिराला भिंत आणि शिधा गावाने दिला होता. बेळगुंदीच्या मुलीला आम्ही काय देतो?

बेळगाव परिसरात गावोगाव मराठी साहित्य संमेलने भरतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव आणि स्वतः बेळगुंदी ही त्यांतील परिचित नावे. ग्रंथदिंडी निघते, कवी वाचतात, कथाकथन रंगते. ह्या मांडवांत ज्यांनी पुस्तकांना चेहरा दिला त्या चित्रकारांसाठी एक तास राखून ठेवणे अवघड नाही. कथाकथन चालू असता शेजारी चित्रकाराने फळ्यावर चित्रे काढावीत, एवढे केले तरी चित्रकथ्याचे अंगण पुन्हा मांडल्यासारखे होईल.

देवस्थानांच्या विश्वस्तांना आमची विनंती अधिक स्पष्ट आहे. जीर्णोद्धाराच्या अंदाजपत्रकात संगमरवराचा खर्च असतो, कळसाचा असतो, समारंभाचा असतो. त्यांतच जुन्या वास्तूच्या चित्रनोंदीचा एक लहानसा आकडा घालावा. पहिली फरशी उखडण्यापूर्वी एखाद्या कलाविद्यार्थ्याला बोलावून महिनाभर बसू द्यावे, त्याची राहण्याजेवण्याची सोय करावी, आणि मानधन द्यावे. प्रसाद म्हणून श्रीफळ द्यावेच. पण श्रीफळ म्हणजे मानधन नव्हे. वार्षिकोत्सवाच्या स्मरणिकेत इंटरनेटवरून उचललेले चित्र छापण्यापेक्षा आपल्याच गावच्या मुलाकडून काढून घ्यावे आणि त्याखाली त्याचे नाव घालावे.

नियतकालिकांनीही ह्यात आपला वाटा उचलला पाहिजे. आम्ही स्वतः कित्येकदा लेखकाचे नाव ठळक टाइपात छापले आणि चित्रकाराचे नाव कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, कधी तर विसरूनही गेलो. लेखाला मानधन पाठविताना चित्राची आठवण झाली नाही, असेही घडले आहे. ह्याची लाज वाटते, आणि म्हणून येथे लिहीत आहोत. ह्यापुढे ह्या पानांवर चित्रकाराचे नाव लेखकाच्या नावाशेजारी येईल, आणि मानधनही दोघांना बरोबरच जाईल.

रताळ्यांच्या मळ्याचे ते पान आम्ही विद्यार्थिनीकडे मागितले आहे. ते छापावयाचे आहे, दाम देऊन. तिच्या आजीने पुन्हा विचारले, तर ह्या वेळी सांगावयास उत्तर असेल. वहीतील उरलेली पाने मात्र तिने आम्हांला पाठवू नयेत. ती घेऊन आधी बेळगुंदीच्या शाळेत जावे, दुपारच्या सुटीत ओट्यावर मांडावीत, आणि मुले कोणत्या पानाशी थांबतात ते मुकाट्याने पाहावे. आमच्या चार शब्दांपेक्षा ते परीक्षण अधिक खरे असेल.